रोध काढला, पण वॅट काढले का? साध्या सर्किटचं गणित, पायरीपायरीने

माझ्या जुन्या ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी) एक तपकिरी डाग आहे. १२ व्होल्टच्या सप्लायवर मला १२० मिलीअँपिअर करंट हवा होता, म्हणून भागाकार करून १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा छोटा भाग, लावला. गणित बरोबर होतं, मल्टिमीटरवर (पुढे नुसतं मीटर म्हणेन) आकडाही हवा तोच आला. मिनिटभरात वास सुटला. रेझिस्टर किती तापलाय ते बघायला बोट लावलं आणि तेच बोट पुढच्या क्षणाला तोंडात होतं. रोध काढला होता, पण त्यात किती वॅट जिरणार हे काढायचं राहूनच गेलं होतं. आकडा होता १.४४ वॅट आणि रेझिस्टर होता पाव वॅटचा.

नवशिक्यांना सर्किटचं गणित शिकवताना रोध आणि शक्ती हे दोन वेगळे धडे असल्यासारखे शिकवले जातात. खरं तर ते एकच गणित आहे, आणि शक्तीचा भाग शेवटी आपल्या उत्तराची पडताळणीही करून देतो. म्हणून इथे एकच सर्किट घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. हे सगळं १२ व्होल्टपर्यंतच करून बघा. भिंतीतल्या सॉकेटवर हे प्रयोग करायचे नाहीत, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आधी चार शब्द आणि दोन सूत्रं

पाठ्यपुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि विद्युत शक्ती असे शब्द असतात. कामाच्या टेबलावर पहिल्या दोघांना सगळे व्होल्टेज आणि करंटच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. व्होल्टेज व्होल्टमध्ये, करंट अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये.

व्होल्टेज = करंट × रोध
शक्ती = व्होल्टेज × करंट

बाकी जी सूत्रं दिसतात ती यांच्यातूनच निघतात. पहिल्यातला करंट दुसऱ्यात घातला की शक्ती = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध. व्होल्टेज घातलं की शक्ती = करंटचा वर्ग × रोध. पाठ करायची गरज नाही, कागदाच्या कोपऱ्यात दोन ओळींत पुन्हा मांडता येतात.

पाण्याच्या टाकीची आणि पाइपची उपमा तुम्ही ऐकली असेलच. सुरुवातीला ठीक आहे, पण फार ताणू नका. पाइप कापला तर पाणी सांडतं, तार कापली तर करंट थांबतो.

पहिलं सूत्र जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम याचं. १८२७ मध्ये त्याने ते पुस्तकरूपाने मांडलं. त्याच्या प्रयोगातली एक गोष्ट आपल्याही कामाची आहे. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज स्थिर राहत नसे, त्यामुळे आकडे सारखे हलत. मग त्याने तांबं आणि बिस्मथ या धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं आणि त्यातून मिळणारं छोटंसं पण स्थिर व्होल्टेज वापरलं. तुमची बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर तुमचेही आकडे हलणार. तेव्हा बॅटरीवर छापलेलं व्होल्टेज गणितात घालू नका. सर्किट जोडून, सुरू करून मोजलेलं घाला.

पायरी पहिली: चित्र काढा, किमती वाचा

आपलं सर्किट असं: १२ व्होल्टचा सप्लाय. त्याच्या धन टोकापासून निघालं की आधी १०० ओहमचा रेझिस्टर. त्यानंतर वाट दोन फाट्यांत फुटते. एका फाट्यावर २२० ओहम, दुसऱ्यावर ३३० ओहम. दोन्ही फाटे पुढे एकत्र येतात आणि सप्लायच्या ऋण टोकाला मिळतात.

चित्र कागदावरच काढा, मनात नको. आणि काढताना एकच प्रश्न विचारत राहा: इथे करंटला वाट निवडायला मिळते का? मिळत नसेल, सगळा करंट एकामागून एक दोन्ही भागांतून जाणारच असेल, तर ती एकसर जोडणी. वाट फुटून पुन्हा एकत्र येत असेल तर समांतर. ब्रेडबोर्डवर दोन रेझिस्टर शेजारी-शेजारी उभे दिसतात म्हणून ते समांतर होत नाहीत. दोघांची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली हवीत.

किमती रंगपट्ट्यांवरून कळतात. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिल्या दोन पट्ट्या म्हणजे दोन अंक आणि तिसरी म्हणजे पुढे किती शून्यं. तर १०० ओहम म्हणजे तपकिरी-काळा-तपकिरी, २२० म्हणजे लाल-लाल-तपकिरी, ३३० म्हणजे नारिंगी-नारिंगी-तपकिरी. चौथी पट्टी सोनेरी असेल तर किंमत ५ टक्के इकडेतिकडे असू शकते, रुपेरी असेल तर १० टक्के. दिव्याच्या पिवळट उजेडात लाल आणि नारिंगी यांत गफलत हमखास होते. मी हल्ली पट्ट्या वाचतो आणि तरीही मीटर लावतो.

पायरी दुसरी: एकूण रोध

आतून बाहेर यायचं, म्हणजे आधी फाटे आवरायचे. दोन समांतर रोधांसाठी गुणाकार भागिले बेरीज:

२२० × ३३० ÷ (२२० + ३३०) = ७२,६०० ÷ ५५० = १३२ ओहम

हा आकडा २२० पेक्षाही कमी आला, यात चूक नाही. दुसरा फाटा उघडला म्हणजे करंटला आणखी एक वाट मिळाली, अडथळा कमीच होणार. समांतर जोडणीचं उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षा नेहमी लहान येतं. तसं आलं नाही तर कॅल्क्युलेटरवर कंस विसरलाय. तीन किंवा जास्त फाटे असतील तर प्रत्येकाचा व्यस्तांक (१ भागिले तो रोध) घ्या, बेरीज करा आणि त्या बेरजेचा पुन्हा व्यस्तांक घ्या. ही शेवटची उलटापालट विसरणारे खूप असतात.

आता त्या दोघांच्या जागी १३२ ओहमचा एकच रेझिस्टर आहे असं समजा. तो १०० ओहमशी एकसर आहे, तेव्हा नुसती बेरीज: २३२ ओहम.

पायरी तिसरी: करंट

१२ ÷ २३२ = ०.०५१७ अँपिअर, म्हणजे ५१.७ मिलीअँपिअर.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्याही दशांश चिन्हाच्या. ५१.७ मिलीअँपिअर पुढच्या सूत्रात तसाच ५१.७ म्हणून घातला तर उत्तर हजारपट येतं. यावर माझी एक सवय आहे: रोध किलोओहममध्ये लिहायचा. व्होल्ट भागिले किलोओहम केलं की थेट मिलीअँपिअर मिळतात. १२ ÷ ०.२३२ = ५१.७. शून्यं मोजत बसावी लागत नाहीत.

पायरी चौथी: व्होल्टेजची वाटणी

ओहमचा नियम पूर्ण सर्किटला लागतो आणि प्रत्येक तुकड्यालाही लागतो. अट एकच: ज्या तुकड्याचा रोध घेतला त्याच तुकड्याचं व्होल्टेज आणि त्याच तुकड्याचा करंट घ्यायचा. नवशिका काय करतो, १०० ओहम दिसले की १२ भागिले १०० करून १२० मिलीअँपिअर लिहून मोकळा होतो. पण त्या रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट नाहीतच. १२ व्होल्ट आहेत सगळ्या सर्किटवर मिळून.

१०० ओहमवर: ०.०५१७ × १०० = ५.१७ व्होल्ट.
फाट्यांवर: १२ − ५.१७ = ६.८३ व्होल्ट.

समांतर फाट्यांवर व्होल्टेज सारखंच असतं, करंट वाटला जातो. २२० ओहममधून ६.८३ ÷ २२० = ३१.० मिलीअँपिअर, ३३० ओहममधून ६.८३ ÷ ३३० = २०.७ मिलीअँपिअर. बेरीज केली तर ५१.७. जेवढा आत आला तेवढाच बाहेर गेला, म्हणजे इथवरचं गणित जमलं.

पायरी पाचवी: वॅट, प्रत्येकाचे वेगळे

१०० ओहम: ५.१७ × ०.०५१७ = ०.२६७ वॅट
२२० ओहम: ६.८३ × ०.०३१० = ०.२१२ वॅट
३३० ओहम: ६.८३ × ०.०२०७ = ०.१४१ वॅट

तिघांची बेरीज ०.६२० वॅट. आता सप्लायकडून बघा: १२ × ०.०५१७ = ०.६२० वॅट. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं. सप्लायने दिलेली शक्ती कुठे ना कुठे जिरलीच पाहिजे, त्यामुळे या दोन आकड्यांत फरक पडला तर आधीच्या चार पायऱ्यांत कुठेतरी चूक आहे. शेवटच्या दशांश स्थळाचा फरक सोडून द्या, तो आकडे जवळच्या अंकापर्यंत आणण्यातला असतो. मला ही पडताळणी उत्तराइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिला मीटर लागत नाही आणि दुसऱ्या कुणी तपासून द्यावं लागत नाही.

आता ते आकडे नीट बघा. सगळ्यात जास्त तापणार आहे तो सगळ्यात लहान रोधाचा, १०० ओहमचा. ब्रेडबोर्डवर आपण सहसा जे बारके रेझिस्टर खोचतो ते पाव वॅटचे, म्हणजे ०.२५ वॅटचे. हा ०.२६७ खाणार. लगेच धूर येणार नाही, पण सतत मर्यादेबाहेर चालेल, तापेल आणि हळूहळू त्याची किंमतही सरकेल.

रेझिस्टरवर जितके वॅट पडतात त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्यायचा, हा माझा हिशेब. त्यानुसार २२० अर्ध्या वॅटचा. १०० चे दुप्पट ०.५३ होतात, अर्ध्या वॅटच्या जरासेच वर, म्हणून तिथेही मी अर्ध्या वॅटचाच लावतो. ३३० च्या बाबतीत दुप्पट केलं तर ०.२८ होतात, काटेकोरपणे तोही अर्ध्या वॅटचाच हवा, पण उघड्या ब्रेडबोर्डवर मी तिथे पाव वॅट चालवून घेतो. बंद डबीत नाही घेणार. उष्णता बाहेर जायला हवा खेळती लागते, आणि पाव वॅटचा आकडा साधारण ७० अंश सेल्सिअसच्या परिसरापर्यंतच खरा धरलेला असतो.

अर्ध्या वॅटचा हाताशी नसेल तर एक जुनी युक्ती आहे. १०० ओहमचेच चार घ्या. दोन-दोन एकसर जोडून २०० ओहमच्या दोन साखळ्या करा आणि त्या साखळ्या समांतर जोडा. एकूण रोध पुन्हा १००, पण उष्णता चौघांत वाटली गेली. प्रत्येकावर ०.०६७ वॅट, हात लावला तर जेमतेम कोमट. माझ्या त्या जळक्या सर्किटला मात्र हेही पुरलं नसतं: १.४४ भागिले ४ म्हणजे ०.३६.

मग जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता की कमी?

दोन सूत्रं शेजारी ठेवली की हा प्रश्न पडतोच. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे रोध वाढला की शक्ती वाढते. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे रोध वाढला की शक्ती घटते. खरं कुठलं?

दोन्ही खरी आहेत. फक्त दोघांमध्ये काय समान आहे ते बघायचं. एकसर जोडणीत सगळ्यांतून करंट एकच, तेव्हा मोठा रोध जास्त तापतो. समांतर जोडणीत व्होल्टेज एकच, तेव्हा लहान रोध जास्त तापतो. आपल्या सर्किटमध्ये २२० आणि ३३० समांतर होते, म्हणून २२० जास्त तापला.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गाडीचे १२ व्होल्टचे फिलामेंटवाले दोन बल्ब घ्या, एक ५ वॅटचा आणि एक २१ वॅटचा. वेगवेगळे १२ व्होल्टवर लावले तर अर्थात २१ वॅटचा जास्त उजळ. आता दोघांना एकसर जोडा. ५ वॅटचा जवळजवळ पूर्ण उजळतो आणि २१ वॅटचा मेल्यासारखा पडून राहतो. गणित सोपं आहे, १२ चा वर्ग १४४, तो वॅटने भागायचा: पूर्ण पेटल्यावर ५ वॅटच्या बल्बचा रोध १४४ ÷ ५ = २८.८ ओहम आणि २१ वॅटच्याचा १४४ ÷ २१ = ६.९ ओहम. एकसर जोडणीत मोठा रोध मोठा वाटा घेऊन जातो. पहिल्यांदा हे दाखवलं की बहुतेकजण २१ वॅटचा बल्ब उडालाय म्हणून बदलायला निघतात.

वर्गाचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा. रोध तोच ठेवून व्होल्टेज दुप्पट केलं की शक्ती चौपट होते. १२ च्या जागी २४ व्होल्टचा सप्लाय लावला तर आपल्या १०० ओहमवर ०.२६७ ऐवजी १.०७ वॅट पडतील. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूलने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलं होतं.

पायरी सहावी: मीटर लावा

रोध मोजताना सप्लाय काढून ठेवा आणि रेझिस्टरचं निदान एक टोक सर्किटमधून सोडवा. सर्किटमध्येच असताना २२० ओहमवर प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) टेकवले तर मीटर १३२ दाखवेल, कारण शेजारचा ३३० पण त्यात मोजला जातो. दोन्ही टोकं चिमटीत धरूनही मोजू नका. कमी रोधाला फरक पडत नाही, पण लाखाच्या घरातल्या रेझिस्टरला आपलं शरीरच समांतर जोडलं जातं आणि आकडा खाली येतो.

व्होल्टेज मोजणं सगळ्यात सोपं, सर्किट चालू ठेवून दोन टोकांवर प्रोब टेकवायचे. करंट मोजायला मात्र तार तोडून मीटर मध्ये घालावा लागतो आणि लाल वायरीचं भोक बदलावं लागतं. गोंधळ नंतर होतो. लाल वायर करंटच्याच भोकात राहते, आपण विसरतो आणि पुढच्या वेळी तसेच प्रोब बॅटरीच्या दोन टोकांवर टेकवतो. मीटरचा फ्यूज गेला. माझा दोनदा गेलाय.

म्हणून मी शक्य तिथे करंट मोजतच नाही. १०० ओहमवरचं व्होल्टेज मोजतो आणि १०० ने भागतो. ५.१७ व्होल्ट आले की करंट ५१.७ मिलीअँपिअर. तार तोडायची नाही, भोक बदलायचं नाही.

मीटरवर अगदी ५१.७ येईलच असं नाही. तिन्ही रेझिस्टर ५ टक्क्यांचे असतील आणि तिघेही एकाच बाजूला सरकलेले असतील, तर एकूण रोध २२० ते २४४ ओहम आणि करंट ४९ ते ५४ मिलीअँपिअर यांच्या मध्ये कुठेही येऊ शकतो. त्या पट्ट्यात आकडा आला तर सर्किट बरोबर. ४० किंवा ७० आला तर पुन्हा चित्र काढा.

जिथे हे गणित तसंच लागत नाही

एलईडीला रोधाचं सूत्र लावू नका. त्याचं व्होल्टेज भागिले करंट हे प्रमाण करंटनुसार बदलत राहतं. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात असं धरायचं आणि उरलेलं व्होल्टेज रेझिस्टरवर टाकायचं. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १५ मिलीअँपिअर हवे असतील तर ७ ÷ ०.०१५ = ४६७ ओहम. असा रेझिस्टर मिळत नाही, जवळचा ४७० मिळतो. करंट १४.९ मिलीअँपिअर, रेझिस्टरवर ७ × ०.०१४९ = ०.१०४ वॅट, पाव वॅटचा निवांत चालेल. एलईडी स्वतः मात्र ०.०३ वॅटच घेतो. बॅटरीतून निघालेल्या शक्तीतला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग रेझिस्टर गरम करण्यात गेला. तेच तीन लाल एलईडी एकसर लावले तर त्यांच्यावर ६ व्होल्ट पडतात, रेझिस्टर २०० ओहमचा पुरतो आणि तितक्याच करंटमध्ये तिप्पट उजेड मिळतो.

दुसरा अपवाद त्या बल्बचाच. २१ वॅटच्या बल्बचा रोध वर ६.९ ओहम काढला. तोच बल्ब थंड असताना मीटरने मोजा, अर्ध्या ओहमच्या आसपास काहीतरी दिसेल. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध दहा-पंधरा पटींनी वाढतो. म्हणूनच स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, आणि म्हणूनच फिलामेंटचे बल्ब बहुतेक वेळा चालू करतानाच उडतात. मोजताना आणखी एक करा: मीटरचे दोन प्रोब आधी एकमेकांना टेकवून बघा. तिथेच ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतात. ते वायरींचे आहेत, बल्बच्या आकड्यातून वजा करा.